थिजणे आणि गोठणे

(डिझेल आणि हिमालयातील हिवाळा या विषयावर मंडळाच्या सभासदांसमोर केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत यापूर्वी संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, आणि आज डिझेल! आम्ही हा विषय सुचविला तेव्हा कार्यवाहांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते आपण पाहिले असते, तर या सभागृहात निम्म्या खुर्च्या तरी रिकाम्या राहिल्या असत्या. त्यातून वक्ता रसायनशास्त्रज्ञ नव्हे, अभियंता नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि जन्मभर फायली हाताळणारा सरकारी नोकर. परंतु सरकारी नोकरीने आमच्याकडून काही हिवाळे लेह-कारगिल भागात काढवून घेतले, आणि तेथे माणसाला भाकरीइतकीच डिझेलची काळजी वाहावी लागते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

विषय निवडण्यास आणखी एक कारण घडले. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील सुमारे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत लाहौलचे खोरे बर्फ पडताच जगापासून तुटत असे. मैदानातल्या हौशी प्रवाशाने डिसेंबरात तेथे मोटार नेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आता आपल्या या पायथ्याच्या शहरातून पहाटे निघालेली गाडी त्याच दिवशी रात्री सिस्सू किंवा केलाँगला मुक्कामास पोहोचू शकते. आपल्या मंडळातील कितीतरी कुटुंबे मुलांना बर्फ दाखवावयास अशी जातात. गाडी डिझेलची असते, टाकी येथल्याच पंपावर काठोकाठ भरलेली असते, आणि त्या भरलेल्या टाकीचा मोठा भरवसा वाटत असतो. आजचे आमचे सारे बोलणे त्या टाकीविषयी आहे.

प्रथम भाषेपासून आरंभ करू, कारण तो आमचा अधिकारप्रांत आहे. डोंगरातले ट्रकचालक म्हणतात, ‘तेल जम गया.’ हिंदीत पाणीही जमते, तूपही जमते, दहीही जमते. मराठीने मात्र येथे फार नेमका भेद केला आहे. पाणी गोठते, तूप थिजते. पाणी शून्य अंशावर एकाएकी घट्ट होऊन बर्फाचा खडा बनते. तूप तसे करीत नाही. ते आधी धूसर होते, मग रवाळ होते, मग दाटते, आणि शेवटी चमचा उभा राहील इतके घट्ट होते. आपल्या आज्यांनी हा फरक चुलीपाशी बसून जाणला होता. डिझेल थिजते, गोठत नाही. परंतु डिझेलात शिरलेले पाणी गोठते. मोटार बंद पडण्याची ही दोन निरनिराळी कारणे आहेत आणि त्यांवरील उपायही निरनिराळे आहेत. त्यांचा घोळ केल्यामुळे भलत्या रोगाला भलते औषध दिले जाते, असे आमच्या पाहण्यात वारंवार आले.

खोबरेल तेलाची बाटली थंडीच्या दिवसांत सकाळी उन्हात ठेवण्याचा संस्कार आपणा सर्वांवर झालेला आहे. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजू लागते. तथापि खोबरेलात बहुतेक सारे द्रव्यच घट्ट होते. डिझेलचे तसे नाही. डिझेल हे एक द्रव्य नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील सरळ साखळीचे जे रेणू आहेत त्यांना आपण पॅराफिन मेण म्हणू; देव्हाऱ्यापुढच्या मेणबत्तीच्या मेणाचेच ते धाकटे भाऊबंद. ऊब असेपर्यंत हे मेण बाकीच्या तेलात साखर पाण्यात विरघळावी तसे विरघळून असते. थंडी वाढली की त्याचे पातळ चपटे स्फटिक सुटू लागतात आणि एकमेकांत गुंतून जाळे विणतात. शंभर भागांत दोन-तीन भाग मेण जरी असे बाहेर पडले, तरी त्या जाळ्यात उरलेले सत्त्याण्णव भाग पातळ तेल अडकून पडते. बाटली उपडी केली तरी काही सांडत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेण म्हणजे डिझेलातील भेसळ किंवा मळ, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन आपोआप पेटावे लागते, आणि सहज पेटण्याचा हा गुण या सरळ साखळीच्या मेणातच सर्वांत अधिक असतो. म्हणजे उन्हाळ्यात जो गुण, तोच हिवाळ्यात अवगुण ठरतो. तेलशुद्धीकरण कारखान्याने सारेच मेण काढून टाकावे असे म्हणणे सोपे आहे. पण मग इंधन कमी निघेल, महाग पडेल आणि पेटण्यास आळशी होईल. नागपूरच्या मे महिन्यात धावणाऱ्या ट्रकला असे महागडे इंधन देण्यात काहीच स्वारस्य नाही. जेथल्या तेथे योग्य असे इंधन पुरविणे एवढाच यातून व्यवहार्य मार्ग उरतो.

जाणकार लोक थिजण्याच्या तीन पायऱ्या मोजतात. पहिली पायरी तेल धूसर होण्याची. मेणाचे पहिले कण तेव्हा डोळ्यांस दिसतात. या तापमानास ‘क्लाउड पॉइंट’ म्हणतात. तिसरी पायरी तेल वाहणेच थांबण्याची. तिला ‘पोअर पॉइंट’ म्हणतात. मोटारवाल्याच्या दृष्टीने खरी महत्त्वाची असते ती मधली पायरी, म्हणजे गाळणी तुंबण्याची. तिची परीक्षा मोठी गमतीदार आहे. तेल एकेक अंशाने थंड करीत जातात आणि ४५ मायक्रॉन छिद्रांच्या बारीक जाळीतून अगदी हलक्या ओढीने २० मिलिलीटर तेल वर खेचतात. साठ सेकंदांत तेवढे तेल जाळीतून आले नाही की परीक्षार्थी नापास. ज्या तापमानास तो नापास झाला, ते त्या डिझेलचे गाळणी तुंबण्याचे तापमान.

आता आपल्या देशाचे मानक काय सांगते ते ऐका. डिझेलसाठी भारतीय मानक १४६० आहे. त्यानुसार गाळणी तुंबण्याचे तापमान उन्हाळ्यात १८ अंशांहून आणि हिवाळ्यात ६ अंशांहून अधिक असता कामा नये. वाहणे थांबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा अनुक्रमे १५ व ३ अंश आहे. हे आकडे शून्याच्या वरचे आहेत, खालचे नव्हेत, हे कृपा करून ध्यानात घ्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने हिवाळ्याचे आणि बाकीचे आठ उन्हाळ्याचे, अशी त्या मानकाची विभागणी आहे. अर्थात ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात पंपावरचे तेल पुष्कळदा याहून बरे असते. परंतु ऑक्टोबरच्या अखेरीस मैदानात भरलेले डिझेल हे नियमाने उन्हाळ्याचे डिझेल आहे, आणि त्याने उणे दहा अंशांत वाहत राहावे अशी हमी कोणीही दिलेली नाही. युरोपातील मानकाशी तुलना केली तर फरक चटकन कळेल. तेथे ऋतू व प्रदेश यांप्रमाणे डिझेलचे वर्ग पाडलेले आहेत, आणि उत्तर ध्रुवाकडील देशांसाठी असलेल्या सर्वांत कडक वर्गाची गाळणी-मर्यादा उणे ४४ अंश आहे. आपला देश बहुतांशी उष्ण, म्हणून आपल्या मानकास हिमालयाच्या टोकाकडे पाहण्याची सवड उशिरा मिळाली, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

कारगिलला एका डिसेंबरात आम्ही जे पाहिले ते येथे सांगण्यासारखे आहे. झोजी ला खिंड बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या गाड्यांतून आलेला एक ट्रक रस्त्याकडेला उभा होता. पहाटे पारा उणे पंधराच्या आसपास असावा. चालक सांगत होता की गाडी सकाळी बिनतक्रार चालू झाली, दहा-बारा मिनिटे चालली आणि मग श्वास कोंडल्यासारखी आचके देऊन बंद पडली. त्याचा ठाम ग्रह असा की इंजिनात बिघाड आहे. शेजारच्या एका वयस्क लडाखी उस्तादाने काही न बोलता फिल्टर उघडून दाखविला. आत शिळ्या तुपासारखा पिवळट गोळा होता. नळीत आणि पंपात उरलेल्या तेलावर गाडी दहा मिनिटे चालली होती. टाकीतले मेणयुक्त तेल फिल्टरपाशी येऊन अडले, आणि पुढे इंजिन उपाशी पडले. उस्तादाने एकच प्रश्न केला, ‘तेल कहाँ भरा था?’ उत्तर आले, ‘अंबाला.’ निदान तेवढ्याने पूर्ण झाले. त्या ट्रकमध्ये बटाटे होते. दोन दिवसांत ते गोठून दगड झाले. अंबाल्याच्या पंपाने फसविले नव्हते. तेथले तेल तेथल्या हवेसाठी उत्तमच होते. डिझेल कोठे भरले याला अर्थ नाही; ते रात्र कोठे काढणार आहे यालाच अर्थ आहे.

अशा वेळी पूर्वापार चालत आलेले जे उपाय आहेत, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला उपाय टाकीखाली विस्तव करण्याचा. पेटलेले चिंधीचे बोळे किंवा स्टोव्ह टाकीखाली सरकविताना आम्ही पाहिले आहे आणि आमचा जीव खालीवर झालेला आहे. डिझेल पेट्रोलइतके ज्वालाग्राही नाही हे खरे, तरी आपल्या मानकात त्याचा पेट घेण्याचा किमान बिंदू ३५ अंशांचा आहे. विस्तवापाशी टाकीचा पत्रा त्याच्या कितीतरी पलीकडे तापतो. प्लॅस्टिकच्या नळ्या आणि विजेच्या तारा यांची तर गोष्टच नको. दुसरा उपाय रॉकेल मिसळण्याचा. शास्त्रदृष्ट्या तो खोटा नाही. रॉकेल हलके असते, त्यात मेण थोडे असते, आणि ते डिझेलच्या मेणाला अधिक काळ विरघळून ठेवते. विमानाचे जेट इंधन हे रॉकेलचेच शुद्ध रूप. त्याची गोठणमर्यादा उणे ४७ अंश असते. परंतु रॉकेलचे अंगी वंगणाचा गुण कमी. जुन्या ढोबळ इंजिनांनी ते सोसले. आजच्या इंजिनातील अतिदाबाचे पंप व बारीक इंजेक्टर इंधनाच्याच वंगणावर जगतात, त्यांना ते सोसत नाही. शिवाय डिझेलात रॉकेल मिसळणे हा आपल्याकडे भेसळीचा गुन्हा आहे. सरकारी नोकराने तरी त्याची शिफारस करू नये! तिसरा उपाय पेट्रोल मिसळण्याचा. तो निव्वळ घातक आहे, कारण पेट्रोलच्या वाफेने टाकीचा बॉम्ब होतो. चौथा उपाय रात्रभर इंजिन चालू ठेवण्याचा. लडाखात पुष्कळ चालक अगतिकपणे तोच करीत. तेलही जळते, धूरही होतो. आणि बंद गाडीत काच लावून झोपलेल्या माणसास विषारी वायूने सकाळ दिसत नाही, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता औषधांकडे वळू. बाजारात तेल वाहते ठेवणारी द्रव्ये मिळतात. त्यांच्याविषयी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. ही द्रव्ये मेणाचा जन्म टाळीत नाहीत. मेण सुटतेच, परंतु मोठे चपटे पापुद्रे होण्याऐवजी असंख्य सूक्ष्म कण होतात, आणि ते गाळणीतून निसटून जातात किंवा निदान गाळणी घट्ट लिंपीत नाहीत. लाखभर भाग तेलात काही दहा भाग द्रव्य यासाठी पुरते. पण हे सारे केव्हा? मेण सुटण्यापूर्वी ते द्रव्य तेलात नीट मिसळलेले असले तर. एकदा जाळे विणले गेल्यावर वरून बाटली ओतणे म्हणजे थिजलेल्या तुपावर पाणी शिंपडण्यासारखे आहे. म्हणून औषध घालावयाचे तर ते मनालीच्या अलीकडे, टाकी कोमट असताना, आणि इंधन भरण्याच्या आधी घालावे, म्हणजे वरून पडणाऱ्या तेलाबरोबर ते ढवळले जाते.

सर्वांत सरळ उपाय इंधनच बदलण्याचा, आणि तो आपल्या देशात झाला ही समाधानाची बाब आहे. इंडियन ऑइलच्या पानिपत येथील कारखान्यात उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल सिद्ध झाले. पाच टक्के जैवडिझेल असलेली त्याची पहिली तुकडी ८ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रमाणित झाली, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस तत्कालीन गृहमंत्री श्री. अमित शहा यांच्या हस्ते दूरदृश्य पद्धतीने लडाखात त्याच्या विक्रीचा प्रारंभ झाला. जैवडिझेलचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. पाम तेलापासून केलेले जैवडिझेल एरवी दहा-पंधरा अंशांतच धूसर होते; तेव्हा असे मिश्रण उणे ३३ अंशांपर्यंत वाहते ठेवणे हे लहान काम नव्हे.

लडाखच्या जीवनात याचे महत्त्व किती, हे मैदानात बसून कळणे कठीण आहे. श्रीनगरहून द्रास-कारगिलमार्गे लेहपर्यंत नेलेल्या वीजवाहिनीचे उद्घाटन ३ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तत्पूर्वी हिवाळ्यात नद्यांचे पाणी आटून जलविद्युत मंदावली की लेह-कारगिलची वीज बऱ्याच अंशी डिझेलच्या जनित्रांवर अवलंबून असे. रुग्णालयाचा दिवा, रुग्णवाहिका, बर्फ हटविणारी यंत्रे, पाण्याचा टँकर, शेकोटीचे लाकूड आणणारा ट्रक, सारे डिझेलवर. खिंडी बंद होण्यापूर्वी उन्हाळ्यातच इंधनाचा साठा वर चढवून ठेवावा लागतो. म्हणजे जानेवारीत जे जाळावयाचे, त्याचा निर्णय जुलैत व्हावा लागतो. आणि सरकारी कारभारात नेमके हेच अवघड! एका कार्यालयात आम्ही पाहिलेली फाईल आठवते. टाक्यांना वेष्टन घालण्याची व इंधन तापविण्याची साधने खरेदी करावी, अशी मागणी सप्टेंबरात निघाली. ‘मागील वर्षी याविना काम कसे चालले?’ असा शेरा तिच्यावर नोव्हेंबरात पडला; आणि आर्थिक वर्ष संपत आले म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खरेदी झाली. तोवर जर्दाळूची झाडे कळ्या धरू लागली होती. मागील वर्षी काम कसे चालले याचे उत्तर फाईलवर लिहिण्याजोगे नव्हते. ते चालले नव्हते. रुग्णवाहिकेऐवजी शेजाऱ्याची पेट्रोल जीप धावली होती.

आता पाण्याविषयी, म्हणजे गोठण्याविषयी थोडेसे. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतील दमट अंश पत्र्यावर थेंबरूप होतो व खाली बसतो. तो नळीत किंवा फिल्टरच्या तळाशी गोठला की उत्तम हिवाळी डिझेलही पुढे सरकत नाही. म्हणून टाकी सकाळी नव्हे, मुक्कामास पोहोचताच संध्याकाळी भरावी; आणि घाटाला लागण्यापूर्वी गॅरेजवाल्याकडून फिल्टरखालील पाणी सोडून घ्यावे. बी. एस. ६ प्रकारच्या अनेक डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. हे द्रावण उणे ११ अंशांवर गोठते. त्याने घाबरून जाऊ नये. गाडीतच ते वितळविण्याची सोय असते. त्यात गरम पाणी किंवा दुसरे काहीही ओतू नये. रेडिएटरातील पाण्यात गोठणरोधक द्रव्य निम्मे असल्यास उणे ३५ च्या आसपासपर्यंत चिंता नाही. केवळ नळाचे पाणी भरलेले असेल तर मात्र इंजिनाचा ठोकळाच तडकू शकतो.

गाडी निघतेच आहे तर आणखी दोन-चार गोष्टी. पायथ्याला टाकी काठोकाठ भरू नये. वर पोहोचेपर्यंत ती पाव राहील एवढेच तेल घ्यावे, आणि वरच्या प्रदेशातील शेवटच्या पंपावर हिवाळी डिझेल आहे काय असे स्पष्ट विचारून भरावे. ते नसल्यास मुक्काम खालीच ठेवावा. फिल्टर नवा बसवून जुना सुस्थितीत असल्यास जवळ ठेवावा. रात्री गाडी भिंतीच्या आडोशाला, सकाळचे पहिले ऊन इंजिनावर पडेल अशी तोंड करून लावावी. वाऱ्याने पारा आणखी खाली जात नाही, पण गाडी लवकर निवते. बॅटरी जुनी असल्यास ती घरीच बदलावी. थंडीत तिचे बळ निम्म्याने घटते आणि इंजिनाचे वंगण दाट झाल्याने काम मात्र दुप्पट होते. लेहच्या उंचीवर हवाही समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश दाबाचीच असते, तेव्हा पहिल्या चावीला इंजिन जागे झाले नाही तर रागावू नये. तापदीप विझेपर्यंत थांबून दुसऱ्यांदा प्रयत्न करावा. सलग किल्ली फिरवीत राहिल्यास बॅटरी तर जातेच, स्टार्टरही जातो.

आणि इतके करूनही डिझेल थिजलेच तर? घाई न करणे हा पहिला उपचार. गाडी ढकलून शेडमध्ये किंवा निदान उन्हात न्यावी. फिल्टर काढून कोमट जागी ठेवावा, किंवा त्यावर गरम पाण्यात भिजविलेली फडकी गुंडाळावी. विस्तव दूर ठेवावा. मेण ज्या तापमानास सुटले त्याच तापमानास परत विरघळत नाही. त्याहून पुष्कळ अधिक ऊब त्यास लागते. आपल्या थिजल्या तुपाचेही तसेच असते. म्हणून दुपारी ऊन पडले, तेल जरा हलू लागले, एवढ्यावर गाडी हाकारू नये. तळाशी बसलेले मेण वर चढून येते आणि पहिल्याच चढणीवर फिल्टर पुन्हा बंद होतो. टाकी हाताला कोमट लागेपर्यंत वाट पाहावी, नवा फिल्टर बसवावा, आणि मग गाडी चालू करून थोडा वेळ जागेवरच फिरू द्यावी. खाली परतल्यावर टाकीत उरलेले हिवाळी डिझेल काढून टाकण्याची मुळीच आवश्यकता नाही. मैदानात ते नेहमीच्या तेलासारखेच जळते.